एका प्रथिनाचे आयुष्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायला उभे राहायचे तर विषय प्रयोगशाळेत सुरू होऊन लोकांच्या घरापर्यंत पोचणारा हवा. म्हणून मी प्रथिनांचा विषय घेतला आहे. प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. ती ताटातली प्रथिने. मी बोलणार आहे ते शरीर स्वतः घडवते त्या प्रथिनांबद्दल. त्यांचे हजारो प्रकार आहेत. त्या सगळ्यांना नुसते हात लावून पुढे जाण्यापेक्षा एकाच प्रथिनापाशी नीट थांबावे, असे मला वाटते. ते प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन.

हिमोग्लोबिनला आपण तीन प्रश्न विचारू. तू घडलेस कसे? तू काम काय करतेस? आणि तू झिजतेस कसे, संपतेस कसे? पाठ्यपुस्तकात यांची तीन वेगळी प्रकरणे असतात: रचना, कार्य आणि चयापचय. मला आज सांगायचे आहे ते हे की हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. एकाचे उत्तर बदलले की बाकीची दोन्ही बदलतात. आणि यातून चौथा प्रश्न उभा राहतो, तो आपल्यासाठी आहे. उत्तरे हाती आली, पण ज्यांच्या उपयोगाची होती त्यांच्यापर्यंत आपण ती पोचवली का?

पहिला प्रश्न, घडणीचा. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. अमिनो आम्ले वीस प्रकारची. कोणत्या जागी कोणते बसायचे हे जनुकाने ठरवून दिलेले असते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. एकूण ५७४. प्रत्येक साखळीच्या वळणात हीम नावाचा एक चपटा रेणू अडकवलेला असतो आणि त्या हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. चार साखळ्या, चार हीम, लोहाचे चार अणू. प्राणवायू धरतात ते हे चार अणू. मग बाकीचा एवढा डोलारा कशासाठी? याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात मिळेल.

साखळी सरळ पसरलेली राहत नाही. ती वळते, घडी पडते, आणि दर वेळी त्याच एका आकारात घडी पडते. ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रिबोन्यूक्लिएज नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनावर प्रयोग केले. त्याची घडी पूर्ण उलगडून टाकली, मग उलगडणारी रसायने काढून घेतली, तर ते आपोआप पुन्हा मूळ आकारात आले आणि कामालाही लागले. म्हणजे आकाराची सगळी माहिती साखळीतल्या क्रमातच होती. या कामाला १९७२ चे नोबेल मिळाले.

पण साखळीला हव्या त्या कोनात वळता येते का? या प्रश्नाचे उत्तर मद्रासमध्ये मिळाले. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवले की बहुतेक कोनांत साखळीतले अणू एकमेकांवर आदळतात. मोकळ्या जागा थोड्याच उरतात. त्या जागांचा त्यांनी आलेख काढला. आज जगात कुठेही नव्या प्रथिनाची रचना ठरली, तर ती बरोबर आहे की नाही हे रामचंद्रन आलेखावर ताडून पाहतात. ही तपासणी आपल्या देशातून गेलेली आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

आता हिमोग्लोबिनचा आकार कोणी पाहिला? मॅक्स पेरुट्झ यांनी. हा व्हिएन्नाचा तरुण १९३६ मध्ये केंब्रिजला आला आणि १९३७ पासून घोड्याच्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून छायाचित्रे घेऊ लागला. छायाचित्रांवर दिसायचे ते फक्त ठिपके. त्या ठिपक्यांवरून रेणू उभा करायचा कसा, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मध्ये महायुद्ध आले. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पेरुट्झना अटक झाली, कॅनडात पाठवले गेले. तिथून परतले आणि पुन्हा त्याच स्फटिकांपाशी बसले. १९५३ मध्ये वाट सापडली. हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडले की ठिपक्यांच्या तीव्रतेत फरक पडतो आणि त्या फरकावरून रेणूचा नकाशा काढता येतो. १९५९ मध्ये नकाशा तयार झाला. १९३७ ते १९५९. बावीस वर्षे, एक रेणू! १९६२ चे नोबेल त्यांना आणि मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाची रचना उलगडणाऱ्या जॉन केंड्र्यू यांना मिळून देण्यात आले.

आज अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज देते. कोट्यवधी प्रथिनांचे अंदाज सर्वांना खुले आहेत, आणि २०२४ च्या नोबेलनेही त्या कामाची दखल घेतली. मात्र त्या प्रणालीला शिकायला हजारो संशोधकांनी दशकानुदशके मोजून ठेवलेल्या रचना मिळाल्या, म्हणून ती शिकली. आजचा वेग कालच्या धीरावर उभा आहे. संशोधनाला पैसा देताना ‘याचा उद्या काय उपयोग?’ असे विचारणाऱ्यांनी ही बावीस वर्षे लक्षात ठेवावीत.

दुसरा प्रश्न, कामाचा. एक लिटर रक्तद्रवात प्राणवायू विरघळतो जेमतेम ३ मिलिलिटर. तेवढ्यावर आपण जिना चढू शकणार नाही. हिमोग्लोबिनमुळे तेच लिटरभर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. पण नुसते धरून ठेवणे पुरेसे आहे का? फुप्फुसात घट्ट धरायचे आणि स्नायूंपाशी सोडून द्यायचे, ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच रेणूने करायची आहेत. ती तो कशी करतो?

उत्तराची पहिली चाहूल प्रागमध्ये लागली. १९३८ मध्ये फेलिक्स हाऊरोविट्झ यांनी हिमोग्लोबिनचे लालभडक, सुईसारखे स्फटिक थंड जागी ठेवले होते. काही आठवड्यांनी पाहतात तर त्यांच्या जांभळट षट्कोनी चकत्या झालेल्या! दरम्यान त्यातला प्राणवायू जिवाणूंनी संपवला होता. त्यांनी एक चकती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काचेच्या कडेने हवा आत शिरू लागली, तशी चकती विरत गेली आणि तिच्या जागी पुन्हा लाल सुया उगवू लागल्या. याचा अर्थ काय? प्राणवायू आला की अख्खा रेणू आपला आकार बदलतो. फुप्फुस स्वतः आकुंचन-प्रसरण पावते हे आपल्याला माहीत होते. ज्याच्यासाठी ते हलते, तो रेणूही हलतो हे त्या दिवशी दिसले.

पुढे पेरुट्झ यांनी ही हालचाल अणूंच्या पातळीवर मांडली. प्राणवायू नसताना लोहाचा अणू हीमच्या पातळीतून किंचित बाहेर असतो. प्राणवायू चिकटला की तो आत सरकतो. हे अंतर अणूच्या रुंदीहूनही कमी. पण लोहाला साखळीतले एक अमिनो आम्ल जोडलेले असते, ते ओढले जाते, साखळी हलते, शेजारच्या साखळ्या फिरतात, आणि उरलेल्या लोहाणूंना प्राणवायू धरणे सोपे होते. चार साखळ्या कशासाठी, याचे उत्तर इथे आहे. एकाला मिळाले की बाकीच्यांना मिळणे सोपे जाते, एकाने सोडले की बाकीच्यांनाही सोडणे सोपे जाते. फुप्फुसात शंभरातल्या ९७–९८ जागा भरतात. विश्रांती घेणाऱ्या शरीरातून फिरून येताना सुमारे ७५ भरलेल्या असतात. राबणाऱ्या स्नायूंमध्ये ही संख्या आणखी पुष्कळ खाली जाते. जिथे गरज जास्त, तिथे देणे जास्त.

ही गरज रेणूला कळते कशी? कोपनहेगनमध्ये ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्येच दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त प्राणवायू लवकर सोडते. (हे बोर म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील.) राबणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल बाहेर टाकतो, आणि तेच हिमोग्लोबिनला ‘इथे सोड’ म्हणून सांगते. म्हणजे पेशीचा चयापचय रेणूचा आकार बदलतो आणि आकार काम बदलतो. बघा, तीन प्रकरणांमधल्या भिंती पडायला लागल्या.

तिसरा प्रश्न, झिजण्याचा. आपण समजतो की शरीर एकदा बांधले की बांधले. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हा समज मोडला. जड नायट्रोजनची खूण केलेली अमिनो आम्ले त्यांनी उंदरांना खाऊ घातली. ती लगेच जळून बाहेर पडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी शरीराच्याच प्रथिनांत जाऊन बसली. शरीर अखंड मोडते आहे आणि अखंड बांधते आहे! मोठ्या माणसाचे शरीर दिवसाला साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडते आणि जवळजवळ तेवढीच नव्याने घडवते. आपण खातो त्याच्या कितीतरी पट. मोडलेल्यातली बहुतेक अमिनो आम्ले पुन्हा वापरली जातात.

हिमोग्लोबिनचे आयुष्य यात आगळे आहे. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, म्हणून ती नवे प्रथिन घडवू शकत नाही. जन्मताना जे घेऊन निघाली त्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. आणि ही पेशी प्राणवायू वाहते, पण त्यातला स्वतःसाठी वापरत नाही. तिला तो वापरायची यंत्रणाच नाही. प्राणवायूविना साखर मोडून ती आपला निर्वाह करते. त्याच वाटेवरच्या एका फाट्याला तिच्यात बीपीजी नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत बसतो आणि प्राणवायू सोडायला मदत करतो. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. त्याची बीपीजीशी जवळीक कमी, म्हणून ते प्राणवायू अधिक घट्ट धरते आणि आईच्या रक्तातून ओढून घेऊ शकते. हे गर्भातले हिमोग्लोबिन लक्षात ठेवा, आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

१२० दिवसांनी काय होते? थकलेली पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडली जाते. साखळ्यांची अमिनो आम्ले सुटी होतात. लोह जपून परत नेले जाते. दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह असे फिरते, तर अन्नातून आपण जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतो. उरलेले हीम मोडताना आधी हिरवे आणि मग पिवळे रंगद्रव्य तयार होते. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. गुडघ्याला मुका मार लागला की जागा काळीनिळी पडते, काही दिवसांनी हिरवट होते, मग पिवळी. कातडीखाली हिमोग्लोबिनचा चयापचय उघड्या डोळ्यांना दिसतो तो असा. ते पिवळे द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. ते साचले की कावीळ.

आता या तिन्ही उत्तरांची कसोटी पाहू. ५७४ अमिनो आम्लांतली फक्त दोन बदलली तर काय होईल? प्रत्येक बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. तिथे व्हॅलिन आले, एवढाच बदल. या एवढ्याशा बदलाने सिकलसेल हा आजार होतो.

हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला १९१० मध्ये, शिकागोत. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकवून पाहिले. रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकले, आणि वाहकाच्या, म्हणजे बदललेले जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या माणसाच्या, रक्तात दोन्ही प्रकार सापडले. रोग पेशीत नाही, रेणूत आहे! वैद्यकाच्या इतिहासात असे प्रथमच म्हटले गेले. पुढे १९५६ मध्ये पेरुट्झ यांच्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. तीसेक ठिपके उमटले. निरोगी आणि रुग्ण, दोघांचे कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. पुढच्या वर्षी त्या तुकड्यातली बदललेली जागा नेमकी सापडली.

त्या एका जागेने काय होते? प्राणवायू सुटला की रेणू आकार बदलतो, हे आपण पाहिले. त्या बदललेल्या आकारात त्याच्या अंगावर एक खळगा तयार होतो आणि शेजारच्या रेणूचे व्हॅलिन त्यात चपखल बसते. रेणूला रेणू जोडत धागे तयार होतात आणि काथ्याचे पेड वळून दोर करावा तसे चौदा धागे वळून एक ताठ दोर होतो. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. हात, पाय, छाती, पाठ जीव नकोसा करील अशी दुखू लागतात. पेशीचे आयुष्य १२० दिवसांवरून दहा-वीस दिवसांवर येते. मग पंडुरोग येतो, डोळे पिवळे दिसतात, पित्ताशयात खडे होतात. घडण बदलली, काम बिघडले, आयुष्य आटले. तीन प्रश्न वेगळे नाहीत म्हणालो, ते यासाठी.

आणि ही गोष्ट दूरदेशीची नाही. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांनी हे हिमोग्लोबिन शोधले. हेच लेहमन पुढे पेरुट्झ यांच्याबरोबर बसून हिमोग्लोबिनच्या दोषांचा अणूंच्या पातळीवर अर्थ लावत होते. १९५८ मध्ये आपल्या नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. आज आपल्याला माहीत आहे की नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीच्या गोंड आणि माडिया समाजांत, मेळघाटात, चंद्रपुरात आणि विदर्भातल्या आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही हा आजार आहे. का आहे? कारण मलेरिया. ज्याला सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून मिळाले, त्याचा जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवले. जंगलात, डासांच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसांच्या रक्तात ते टिकले ते या कारणाने. त्यात कोणाचा दोष नाही, कोणाच्या कुळाला बट्टा नाही.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी होते, ती जरूर पाहा. नळीतल्या रसायनात रक्ताचे थोडे थेंब टाकतात. ते रसायन प्राणवायू काढून घेते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाही. द्राव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल म्हणजे ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. एस हिमोग्लोबिन प्राणवायूविना विरघळलेले राहत नाही, एवढ्या एका गुणावर ही चाचणी उभी आहे. माणूस नुसता वाहक म्हणजे ‘एएस’ आहे की ग्रस्त म्हणजे ‘एसएस’, हे या नळीत कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते. त्यातली एक इलेक्ट्रोफोरेसिस, पॉलिंग यांनी वापरलेल्या तत्त्वावरचीच. म्हणजे मूलभूत संशोधन आणि सातपुड्यातली नर्स यांच्यामध्ये फार अंतर नाही.

उपचारही रेणूच्याच अभ्यासातून आले. पाणी भरपूर प्या, असे डॉक्टर का सांगतात? पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते आणि धागे फार झपाट्याने जुळतात. फॉलिक ॲसिडची गोळी का? अस्थिमज्जेला तांबड्या पेशी अनेक पट वेगाने घडवाव्या लागतात म्हणून. आणि गर्भातले हिमोग्लोबिन लक्षात ठेवा म्हणालो होतो. त्यात बीटा साखळी नसते, म्हणून ते दोरात सामील होत नाही. बाळाला साधारण सहा महिने त्रास होत नाही तो त्याच्यामुळे. हायड्रॉक्सियुरिया हे साधे औषध ते हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ च्या मोठ्या चाचणीत त्याने प्रौढ रुग्णांच्या वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेला जनुक-संपादनाचा उपचारही हेच करतो, गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो. त्याची अमेरिकेतली किंमत मात्र माणशी सुमारे २२ लाख डॉलर आहे.

गोळाबेरीज करतो. आकार क्रमातून येतो, काम आकारातून येते, आणि आयुष्य कामाशी बांधलेले असते. एका प्रथिनात हे समजून घेतले की उरलेल्या हजारोंकडे पाहण्याची नजर मिळते.

राहिला चौथा प्रश्न. १९४९ पासून कारण माहीत आहे, १९५८ पासून आपल्या प्रदेशातला आजार माहीत आहे, १९९५ पासून औषध माहीत आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण तपासणीचे कार्ड हातात देऊन काम संपते का? हायड्रॉक्सियुरिया तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने मिळाले पाहिजे. बाळाचे रक्त जन्मताच तपासले पाहिजे, म्हणजे पहिल्या झटक्याआधी त्याची काळजी घेता येईल. दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, हे त्यांना आधी, त्यांच्या बोलीत, शांतपणे सांगितले पाहिजे, निर्णय त्यांचा. आणि मुलगी वाहक आहे म्हणून स्थळ मोडणाऱ्यांना सांगितले पाहिजे की एएस म्हणजे आजारी नव्हे.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. या आजाराचे आपल्या मातीतले प्रश्न अजून शिल्लक आहेत. भारतातल्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन सहसा जास्त टिकते, म्हणून त्यांचा आजार सौम्य मानला जायचा. तरी विदर्भातली कितीतरी मुले तीव्र आजाराने तळमळतात. का? हे केंब्रिजमध्ये बसून कळणार नाही. ते नागपूरच्या, नंदुरबारच्या रक्ताच्या नमुन्यांतून, तिथल्या आयांशी बोलून कळेल. पेरुट्झ यांनी एका रेणूला बावीस वर्षे दिली. तुमच्यातल्या दोघा-चौघांनी या प्रश्नाला तेवढी दिली, तर तुमचे उत्तर आधी सातपुड्यात पोचू द्या आणि मग छापा.